प्रतिनिधीचे संकेतस्थळ आणि मतदाराची भाषा : राजूरच्या संदर्भात

लोकप्रतिनिधी आणि मतदार यांच्यातील व्यवहार हा मूलतः भाषिक व्यवहार होय. मतदान पाच वर्षांतून एकदा घडते. उरलेल्या काळात हा संबंध बोलण्याने, लिहिण्याने व ऐकून घेण्याने टिकतो. गेल्या शंभर वर्षांत त्याची साधने सभा, वृत्तपत्र, पत्रक आणि संकेतस्थळ अशी पालटत गेली. या पालटाबरोबर प्रतिनिधीचे भाषिक कर्तव्य कसे पालटले, हे यवतमाळ जिल्ह्यातील राजूर या गावाच्या संदर्भात पाहणे उद्बोधक ठरेल.

राजूर हे वणी तालुक्यातील कोळशाच्या खाणीचे व चुनखडीचे गाव. खाणीमुळे वसलेल्या वस्तीत वऱ्हाडी मराठीबरोबर हिंदी व तेलुगूही कानी पडते. परिसरातील पोडांवर कोलामी बोलली जाते. गावाचा जिल्हा यवतमाळ, विधानसभेचा मतदारसंघ वणी, तर लोकसभेचा चंद्रपूर. अनेक भाषांच्या या मतदारवर्गापुढे मुंबई व दिल्ली अशा दोन सभागृहांतील दोन प्रतिनिधी उभे असतात.

या भागातील प्रातिनिधिक राजकारणाच्या आरंभीच एक बोलके उदाहरण आढळते. २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे जन्मलेले माधव श्रीहरी तथा बापूजी अणे हे वऱ्हाडचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेथील व्यवहार इंग्रजीतून चाले. परंतु स्वप्रांतातील लोकांशी बोलावयाचे ते मराठीतून. १९१८ साली यवतमाळहून त्यांनी सुरू केलेले ‘लोकमत’ हे साप्ताहिक याच परंपरेतील होय. म्हणजे प्रतिनिधी हा केवळ मतदारांचा वकील नव्हता. सभागृहाची भाषा आणि प्रांताची भाषा यांमधील तो दुभाषीही होता. त्या काळी मताधिकार मर्यादित असल्याने मतदार बहुधा वाचणाराच असे. १९५१–५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने खाणकामगार व शेतमजूर यांनाही मताधिकार दिला आणि छापील शब्दाइकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व सभेतील भाषणास आले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले. पुढे प्रतिनिधींची संकेतस्थळे निघू लागली, तेव्हा पहिली अडचण लिपीची होती. युनिकोड या संकेतप्रणालीची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली असली, तरी मराठी मजकूर दीर्घकाळ निरनिराळ्या खाजगी फाँटांत टंकिला जाई. तो फाँट वाचकाच्या यंत्रावर नसल्यास मजकुराऐवजी निरर्थक अक्षरे उमटत. मजकुराचे चित्र करून ते पानावर चढविल्यास तो वाचता येई, परंतु शोधता येत नसे.

लिपीची अडचण पुष्कळशी दूर झाली. शैलीची मात्र उरली. सभेत प्रतिनिधी प्रथमपुरुषी, भविष्यकाळी बोलतो: ‘मी हे काम करीन.’ ऐकणारा तेथल्या तेथे उलट प्रश्न करू शकतो. संकेतस्थळावर बहुधा तृतीयपुरुषी, आदरार्थी आणि कर्मणी रचना योजिली जाते: ‘मा. आमदारांच्या प्रयत्नाने रस्ता मंजूर करण्यात आला.’ मंजुरी कोणी दिली, काम कधी पुरे होणार, हे अशा वाक्यात सांगावेच लागत नाही. संवादाचे साधन म्हणून आरंभिलेले पान त्यामुळे जाहीर निवेदनाचा फलक बनते.

प्रतिनिधीच्या कार्याचा अधिक विश्वसनीय पुरावा सभागृहांच्या अधिकृत संकेतस्थळांवर, प्रश्नोत्तरांत व कामकाजाच्या वृत्तांतात मिळतो. येथे भाषेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१० नुसार विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत किंवा हिंदी वा इंग्रजीत चालते. अनुच्छेद १२० नुसार संसदेचे हिंदी वा इंग्रजीत, आणि या भाषांत नीट व्यक्त होऊ न शकणाऱ्या सदस्यास अध्यक्षांच्या अनुज्ञेने मातृभाषेत बोलता येते. परिणामी राजूरच्या मतदारास आपल्या आमदाराचे कार्य मराठीत वाचता येते. खासदाराने विचारलेला लेखी प्रश्न व त्याचे उत्तर मात्र हिंदी वा इंग्रजीत वाचावे लागते. कोलामी भाषकास तर दोन्हीकडे परकी भाषाच भेटते.

गावाचे नाव शोधणेही सोपे नाही. ‘राजूर’ व ‘राजुर’ ही संगणकास दोन भिन्न नावे होत. राजूर नावाचे दुसरे गाव अकोले तालुक्यात आहे, आणि राजुरा हे निराळे शहर तर याच चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडते. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद राहत नाही आणि ही नावे परस्परांत अधिकच मिसळतात.

हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हे. २०१२ मध्ये चंद्रपूरचे तत्कालीन खासदार हंसराज अहीर यांनी प्रकाश जावडेकर यांच्यासह कोळसापट्ट्यांच्या वाटपाविषयी केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार केली व त्यातून केंद्रीय अन्वेषण विभागाची चौकशी सुरू झाली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेक वाटपे रद्द ठरविली. हा निकाल इंग्रजीत आहे. कोळशावर जगणाऱ्या गावाने तो समजून घ्यावयाचा, तर कोणीतरी त्याचा अर्थ मराठीत सांगावयास हवा.

अणे यांच्या पिढीने पत्करलेले दुभाष्याचे काम नव्या साधनाने अनावश्यक केलेले नाही. संकेतस्थळामुळे कागद मतदाराच्या हाती आला. त्या कागदाचा अर्थ त्याच्या भाषेत पोहोचविणे हे प्रतिनिधीचे कर्तव्य अद्यापि शिल्लक आहे. प्रतिनिधींच्या संकेतस्थळांचे मूल्यमापन पानांच्या संख्येवरून अथवा छायाचित्रांवरून न करता या कसोटीवर करणे अधिक न्याय्य ठरेल.