वाटाड्या कुत्रा आणि शेजारचा प्रवासी

बीड जिल्ह्यांतील युसूफ वडगांवसारख्या गांवीं ज्यास कुत्र्याचा त्रास होतो, तो दूर सरकतो. विमानांत सरकावयास जागा नसते. अंधांचे वाटाडे कुत्रे शिकविणारी पहिली शाळा जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं निघाली. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या पिर्केनें दहाच वर्षें आधीं घडविला होता. पुढें त्या कुत्र्याची व या व्याधीची गांठ विमानांत पडली. त्रास केंसांचा नव्हे, लाळेंतील व कोंड्यांतील प्रथिनांचा. तेव्हां आखूड केंसांचा कुत्राही निर्दोष नव्हे! अमेरिकेंत १९८६ च्या कायद्यानें अपंग प्रवाशांस संरक्षण मिळालें. २०२१ पासूनच्या नियमांत शिकविलेल्या कुत्र्यासच सेवेचा प्राणी मानलें, आणि शेजाऱ्याची ॲलर्जी हें त्यास नाकारण्याचें कारण नव्हे, असें ठरलें. उभयतांस दूरदूर बसवावें, हा तोडगा. भरलेल्या विमानांत दूर म्हणजे किती ओळी, हें मात्र नियम सांगत नाहीं.