आवडेल तेथे प्रवास

आवडेल तेथे प्रवास ही महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाची (एसटी) मुदतीच्या पासाची योजना आहे. ठरावीक रक्कम एकदाच भरून पासधारकास सलग चार किंवा सात दिवस महामंडळाच्या गाड्यांतून हवा तितका प्रवास करता येतो. ही योजना १९८८ साली सुरू झाली. तिकिटाचे मूल्य अंतरावर, तर पासाचे मूल्य दिवसांवर ठरते. त्यामुळे पास किफायतशीर आहे की नाही, हे प्रवासाचा पल्ला आणि प्रवाशास लागू असलेली भाडेसवलत या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

स्वरूप आणि नियम

योजनेच्या आरंभी दहा दिवसांचा पास दिला जात असे. पुढे सात व चार दिवसांचे पास प्रचलित झाले. साध्या सेवेचा पास साध्या, जलद व रात्रसेवेच्या गाड्यांत चालतो. शिवशाही गाड्यांसाठी अधिक दराचा स्वतंत्र पास असतो. प्रौढांसाठी एक आणि ५ ते १२ वर्षे वयाच्या मुलांसाठी त्याच्या सुमारे निम्मा, असे दोनच दर असतात. महामंडळाच्या गाड्या जेथपर्यंत जातात, तेथपर्यंत आंतरराज्य मार्गांवरही पास ग्राह्य धरला जातो.

प्रवास सुरू करण्याच्या दिवसापूर्वी दहा दिवसांपर्यंत पास काढता येतो. पास हस्तांतरणीय नसून हरवल्यास दुसरा मिळत नाही. पासामुळे आसनाची हमी मिळत नाही. आसन राखून ठेवण्यासाठी आरक्षण शुल्क वेगळे भरावे लागते. प्रौढास ३० किलो व मुलास १५ किलो सामान विनाशुल्क नेता येते. मुदतीची गणना तासांनी नव्हे, तर तारखेने होते. शेवटच्या दिवशी मध्यरात्री मुदत संपते व त्यानंतरच्या प्रवासाचे भाडे निराळे द्यावे लागते. म्हणून पहिल्या दिवशी संध्याकाळी निघणाऱ्या प्रवाशाचा जवळजवळ एक दिवस खर्ची पडतो, तसेच शेवटच्या रात्रीची रात्रसेवा पासात पूर्ण बसत नाही.

किफायतीची मर्यादा

एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते. ऑक्टोबर २०२१ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा दर टप्प्यास ८.७० रुपये होता. त्या काळात साध्या सेवेचा प्रौढ पास चार दिवसांसाठी १,१७० आणि सात दिवसांसाठी २,०४० रुपयांस मिळत असे. या हिशेबाने चार दिवसांचा पास सुमारे १३५ टप्प्यांच्या, म्हणजे ८१० किलोमीटरच्या, तर सात दिवसांचा पास सुमारे १,४१० किलोमीटरच्या भाड्याइतका होतो. दोन्ही पासांत ही मर्यादा रोजी सुमारे २०० किलोमीटर इतकीच येते. त्यामुळे मोठा पास घेतल्याने दिवसाचा खर्च कमी होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाड्यात १४.९५ टक्के वाढ झाली आणि त्या वर्षी पासांचे दरही बदलले.

वडखळमार्गे प्रवासाचे उदाहरण

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील वडखळ येथे मुंबई–गोवा महामार्गावरून अलिबागचा रस्ता फुटतो. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पनवेल–रोहा लोहमार्गावरील पेण हे वडखळला जवळचे स्थानक आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास जाणारी साधी लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. त्या काळात अलिबागच्या वाहतुकीचा अधिक भार वडखळ नाक्यावर येतो.

वडखळ–अलिबाग–मुरूड हा जाऊन-येऊन प्रवास सुमारे १५० किलोमीटरचा आहे. वरील जुन्या दराने त्याचे पूर्ण भाडे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास होई. त्यासाठी चार दिवसांचा पास घेतल्यास पाचपटीहून अधिक खर्च येई. याउलट वडखळहून रत्नागिरी, कोल्हापूर, पंढरपूर व पुणे करून परत येणारा फेरा सुमारे ९०० किलोमीटरचा होतो. त्याचे पूर्ण भाडे सुमारे १,३०० रुपये होत असल्याने तो चार दिवसांत पूर्ण करणाऱ्यास पास फायदेशीर ठरे.

भाडेसवलतींचा परिणाम

२६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना राज्यांतर्गत एसटी प्रवास विनामूल्य करण्यात आला. ६५ ते ७५ वर्षे वयोगटास निम्मे भाडे पडते. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेनुसार सर्व महिलांना राज्यांतर्गत भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. पासाचे दर मात्र केवळ वयानुसार प्रौढ व मूल असेच राहिले. परिणामी निम्म्या भाड्याच्या प्रवाशांसाठी किफायतीची मर्यादा दुप्पट, म्हणजे रोजी सुमारे ४०० किलोमीटर झाली. वरील ९०० किलोमीटरच्या फेऱ्यास महिलेला सुट्या तिकिटांनी सुमारे ६५० रुपये लागत, तर पासास १,१७० रुपये. त्यामुळे एकाच कुटुंबात पूर्ण भाड्याच्या प्रवाशाने पास घेणे आणि इतरांनी तिकिटे काढणे स्वस्त पडते. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्याच असल्याने गोवा, कर्नाटक आदी राज्यांतील अंतर यात निराळे मोजावे लागते.

पासात न येणाऱ्या सेवा

हा पास फक्त बसप्रवासाचा आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला व रायगड किल्ला यांचे प्रवेशशुल्क, रायगडाचा रज्जुमार्ग, राजपुरीहून जंजिऱ्यास नेणारी होडी आणि मांडव्याची लाँच यांचा खर्च त्यात येत नाही. मांडव्याच्या लाँचच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते. तेथे एसटीच्या पासाचा उपयोग होत नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेची एक, तीन व पाच दिवसांची पर्यटक तिकिटेही स्वतंत्र आहेत.

युरोपातील शहरांत दोन्ही पद्धती आढळतात. ॲम्स्टरडॅमच्या नगरपासात शहरी वाहतूक व संग्रहालये एकत्र असतात; पॅरिसच्या संग्रहालय पासात वाहतूक नसते. ॲम्स्टरडॅमच्या शहरी वाहतुकीचे पास पहिल्या वापरापासून तासांनी मोजले जातात. युरेल रेल्वे पासाचा दिवस एसटीप्रमाणेच मध्यरात्री संपतो. मात्र रात्रीच्या थेट गाडीसाठी सामान्यतः निघण्याचा एकच दिवस धरला जातो.