पुरुषांचं हार्मोन, पुरुषांचं हृदय

टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात पहिल्यांदा हाती आलं ते १९३५ साली, ॲम्स्टरडॅमला, बैलांच्या वृषणांतून. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून तयार केलं, आणि पुढे इंजेक्शनं मिळू लागली. बॉस्टनचे डॉक्टर मॉरिस लेसर यांनी १९४६ मध्ये अंजायनाच्या, म्हणजे हृदयविकारातल्या छातीच्या कळेच्या, शंभर रुग्णांचा अहवाल छापला : या इंजेक्शनांनी ९१ जणांना आराम. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि नुसत्या सुईच्या भरवशावरही छातीतली कळ कमी होते.

पुढे विचार पार उलटला. पाळी जाईपर्यंत बायकांना हृदयविकार क्वचित होतो, म्हणजे पुरुषांचं हार्मोनच घातक आणि बायकांचं हार्मोन, इस्ट्रोजेन, रक्षक, असा तर्क निघाला. अमेरिकेत १९६६ मध्ये ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ ही चाचणी सुरू झाली. त्यात ८,३४१ पुरुष होते, सगळे हार्ट अटॅकमधून वाचलेले. त्यांतल्या दोन गटांना रोज इस्ट्रोजेन दिलं गेलं. कित्येकांचे स्तन वाढले, कामेच्छा मावळली. जीव वाचेल या आशेने त्यांनी ते सोसलं. १९७० मध्ये मोठा डोस बंद करावा लागला, कारण अटॅक उलट वाढले होते. १९७३ मध्ये छोटाही थांबवला. मी पॅथॉलॉजी लॅब चालवते, रोज आकडे बघते, तरी या चाचणीबद्दल वाचताना मन अजून कळवळतं. त्या माणसांचे आपल्यावर उपकार आहेत. तर्क कितीही सरळ दिसला तरी तो माणसांवर तपासावाच लागतो, हे त्यांच्या शरीरांनी दाखवलं.

आज चाळिशी-पन्नाशीतले पुरुष रिपोर्ट घेऊन विचारतात, ‘मॅडम, टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, हार्टला धोका आहे का?’ हृदयविकार असलेल्यांत ते बरेचदा कमी आढळतं, हे खरं. पण पोट सुटलं, मधुमेह जडला, मोठं आजारपण आलं तरीही ते उतरतं. नुसत्या आकड्यावरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे कळत नाही.

बाहेरून ते भरून काढलं तर काय होतं, याचं भक्कम उत्तर २०२३ मध्ये ‘ट्रॅव्हर्स’ चाचणीने दिलं. ४५ ते ८० वयाचे, टेस्टोस्टेरॉन कमी असलेले आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले पाच हजारांवर पुरुष त्यात होते. हृदयविकाराने मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत ७.० टक्के, औषधाविना नुसतं जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के. म्हणजे अटॅक वाढले नाहीत, टळलेही नाहीत. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी अडकणं औषधाच्या गटात जास्त दिसलं.