जुन्या डिझेल मोटारीचे वंगणतेल : इंधनेतिहासाचा एक धागा

जुन्या डिझेल मोटारीस योग्य वंगणतेल कोणते, हे ठरविताना इंधनाचा इतिहासही पाहावा लागतो. 2010 साली सोलापूर शहरात दशलक्षांत 50 भाग गंधकमर्यादेचे डिझेल आले. लगतच्या तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात मर्यादा 350 होती. (जिल्ह्याची सीमा अशी इंजिनातही उमटली!) 50 ची मर्यादा देशभर 2017 मध्ये लागू झाली. गंधक जळून आम्ल होते. म्हणून ते शमविणारे क्षारयुक्त तेल वापरून ते लवकर बदलण्याचा जुना नियम सयुक्तिकच होता. 2020 पासून मर्यादा 10 आहे. आम्लाचे भय बव्हंशी सरले, काजळी उरली. यास्तव डिझेलसाठीचेच, उत्पादकाने सांगितलेल्या दाटपणाचे तेल घ्यावे. झीज झाकण्यासाठी घातलेले अतिदाट तेल थंड इंजिनात उशिरा पोहोचते.