ओळीच्या आरंभींची कोरी जागा

छापील पान हातीं आलें म्हणजे डोळा प्रथम अक्षरांकडे जातो. अक्षरांभोंवतीं जी कोरी जागा असते तिची दखल फारसा कोणी घेत नाहीं. परंतु परिच्छेद कोठें सुरू झाला, कोशांतला मूळ शब्द कोणता आणि त्याचा अर्थ कोणता, कायद्याच्या कलमाचा आंकडा कोठें आणि मजकूर कोठें, हें सारें ती कोरी जागाच सांगत असते. तिचा इतिहास फार जुना आहे, आणि संगणकाच्या युगांत मराठी मजकुराची जी ओढाताण झाली तिचें वर्म समजण्यास तो उपयोगी पडतो.

प्राचीन ग्रीक लेखक पपायरसच्या गुंडाळ्यांवर शब्दाशब्दांत अंतर न ठेवतां लिहीत. नवा विषय आला कीं समासाकडे ओळीखालीं एक लहानशी आडवी रेघ ओढीत. तिला ते पॅराग्राफोस, म्हणजे 'बाजूस लिहिलेलें', असें म्हणत. इंग्रजींतला पॅराग्राफ हा शब्द त्यावरूनच आला. दुसरी एक रीत होती. प्रकरणाची पहिली ओळ समासांत थोडी बाहेर काढावयाची आणि पुढल्या ओळी आंतच ठेवावयाच्या. हिला एक्थेसिस असें नांव आहे. आजचे छापखानेवाले ज्याला हँगिंग इंडेंट म्हणतात, तो या रीतीचाच वंशज होय. पुढें मध्ययुगांत लेखनिक काळ्या शाईनें मजकूर लिही आणि परिच्छेदाच्या आरंभीं लाल शाईचें चिन्ह घालण्याचें काम दुसरा कारागीर करी. 1455 च्या सुमारास गुटेनबर्गचें बायबल छापून निघालें. त्या वेळच्या मुद्रकांनींहि लाल चिन्हांकरितां जागा सोडण्याची चाल पाळली. पुढें चिन्हें घालणारा हात आंखडला आणि जागा तेवढी उरली. परिच्छेदाची पहिली ओळ आंत घेण्याची चाल अशी पडली, असें मुद्रणाचे इतिहासकार सांगतात.

आपल्याकडील पोथ्यांचा थाट निराळा. कागद मौल्यवान, म्हणून ओळ कोठेंहि तुटे. श्लोक संपला हें दंड आणि आंकडे सांगत, आणि 'उवाच' सारख्या शब्दांवर गेरूचा हात फिरवीत. टीका असलेल्या पोथींत मूळ श्लोक मध्यें ठळक अक्षरांत आणि टीका वर व खालीं बारीक अक्षरांत, अशी सुंदर मांडणी असे. मोडीचें तर काय सांगावें! आधीं पानभर शिरोरेघा ओढावयाच्या आणि मग लेखणी न उचलतां त्यांना अक्षरें लटकवीत जावयाचें. शब्दसुद्धां जेथें सुटे नाहींत तेथें परिच्छेद कोठून येणार?

ही चाल बदलली ती छापखान्यामुळें. बंगालमधील श्रीरामपुरास विल्यम केरी यांनीं 1805 सालीं देवनागरी ठशांनीं मराठीचें व्याकरण छापलें आणि 1810 सालीं मोडी ठसे वापरून कोश काढला. मुंबईंत गणपत कृष्णाजी यांनीं 1831 सालीं शिळाप्रेसवर पंचांग छापलें. विरामचिन्हें मराठींत रुजविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें. 1869 सालीं जावजी दादाजींनीं निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्याच्या रेखीव टायपानें मराठी वाचकाच्या डोळ्यास वळण लावलें.

शिशाच्या टायपांत कोरी जागा ही खरोखरीची वस्तु होती. तिच्यासाठीं अक्षराहून कमी उंचीचे, शाई न लागणारे शिशाचे तुकडे असत. पहिली ओळ बाहेर ठेवावयाची तर दुसरीपासून प्रत्येक ओळीच्या आरंभीं जुळाऱ्यास तसा तुकडा बसवावा लागे. त्याच्या हिशेबीं शून्यालाहि वजन होतें. स्तंभाची रुंदी बदलली तर सारी जुळणी मोडून पुन्हां करावी लागे. म्हणून मालकहि आधीं दहा वेळां विचार करी.

टंकलेखनयंत्र आलें आणि ही शिस्त सुटली. जागा हवी तर पट्टी चारपांच वेळां दाबावी. ओळ संपली कीं गाडा मागें ओढावा. दूरमुद्रकांत गाडा मागें नेणें आणि कागद वर सरकवणें या दोन निराळ्या आज्ञा होत्या. त्याच पुढें संगणकांत उतरल्या. कांहीं यंत्रांनीं त्यांतली एकच घेतली, कांहींनीं दोन्ही ठेविल्या.

1985 सालीं अमेरिकेंतील पॉल ब्रेनर्ड यांच्या आल्डस या कंपनीनें पेजमेकर बाजारांत आणलें. कंपनीचें नांव व्हेनिसच्या सुप्रसिद्ध मुद्रक आल्डस मानुशियसवरून घेतलें होतें. आतां संपूर्ण परिच्छेद डावीकडून एक सेंटिमीटर आंत घ्यावा आणि पहिल्या ओळीस उणें एक सेंटिमीटर द्यावें, कीं ती आपोआप मागें सरकून समासाशीं येई. स्तंभ रुंद करा, अरुंद करा, मांडणी ढळत नसे. कारण यंत्रास रूप नव्हे, हेतु सांगितलेला असे. पण बाहेरून आणलेला मजकूर टंकलेखनाच्या वळणाचा! त्यांत प्रत्येक ओळीच्या शेवटीं सक्तीची तोड आणि आरंभीं मोजून दाबलेल्या मोकळ्या जागा. असा मजकूर नव्या रुंदींत ओतला कीं ओळी भलतीकडे तुटत आणि समासासाठीं दाबलेली जागा वाक्याच्या पोटांत येऊन पडे.

मराठीवर याहून मोठें संकट आलें. 1988 सालीं पुण्यास सी-डॅक संस्था स्थापन झाली. 1991 सालीं भारतीय लिप्यांची इस्की ही प्रमाण संहिता ठरली. त्याच वर्षीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीस स्थान मिळालें. तरी छापखान्यांतून पुष्कळ काळ चालले ते निराळेच फाँट. त्यांत रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे काने, मात्रा, अर्धीं अक्षरें बसविलेलीं असत. फाँट बदलला कीं सारी मराठी निरर्थक रोमन चिन्हांची रास होई. मोकळ्या जागेबाबत जो घोटाळा, तोच येथें अक्षरांबाबत: यंत्रांत सांठविलें तें दिसणें, अक्षर नव्हे. 'दिवस' मध्यें वेलांटी डोळ्यास आधीं दिसते, म्हणून ती आधीं ठेवलेली. युनिकोडांत मात्र द आधीं आणि वेलांटी मागून. 'धर्म' मधला रफार म नंतर ठेवलेला. युनिकोडांत तो म च्या आधीं यावयास हवा. परिवर्तन करणाऱ्या आज्ञावलीनें हें क्रम उलटले नाहींत तर अक्षरें एकमेकांस सोडून पळतात. शिवाय मराठीचा म्हणून जो वेगळा र आहे तो चुकला, तर सह्याद्रीच्या दऱ्या जाऊन तेथें 'दर्या' उसळूं लागतो, आणि तोहि शुद्ध शब्दच असल्यामुळें शब्दसंग्रहाशीं ताडून पाहणाऱ्या यंत्रासहि संशय येत नाहीं. तो पकडण्यास अर्थ कळणारा मुद्रितशोधकच लागतो.

पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ति 2001 सालीं निघाली. त्या काळांत जुळविलेल्या पुस्तकांच्या संचिका नव्या यंत्रांवर सहजासहजीं उघडत नाहींत. ज्यांचा फाँट आणि ज्यांचें कोष्टक हातीं आहे त्या परिवर्तकांतून काढतां येतात. जेथें तें नाहीं तेथें छापील प्रत समोर ठेवून सारा मजकूर पहिल्या अक्षरापासून पुन्हां जुळवावा लागतो.