विष्ठा-सूक्ष्मजीव प्रतिरोपण (डहाणू व तलासरी तालुक्यांच्या संदर्भासह)

निरोगी दात्याच्या विष्ठेतील सूक्ष्मजीव रुग्णाच्या आतड्यात सोडून तेथील बिघडलेली जिवाणूसृष्टी सावरण्याची उपचारपद्धती. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एफएमटी’.

पूर्वेतिहास : विष्ठेचा असा वापर चौथ्या शतकात चिनी वैद्य गे हाँग यांनी, तर आधुनिक काळात डेनव्हरचे शल्यचिकित्सक बेन आयझमन यांनी केला (१९५८).

कृती : दात्याचे रक्त व विष्ठा तपासतात. ताजी विष्ठा सलाइनमध्ये घुसळून, गाळून ते द्रावण कोलोनोस्कोपमधून मोठ्या आतड्यात सोडतात. ग्लिसरॉल घालून ते उणे ८० अंश सेल्सिअसला साठवताही येते.

उपयोग : प्रतिजैविकांनंतर जडणारा आणि वारंवार उलटणारा क्लोस्ट्रिडिओइड्स डिफिसिलचा जुलाब, एवढाच सर्वमान्य उपयोग. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १५ रुग्ण बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाने १३ पैकी ४. भारतात भर अल्सरेटिव्ह कोलायटिसवर (मोठ्या आतड्याचा चिवट दाह). लुधियानाच्या चाचणीत (२०१९) आधीच आराम पडलेल्यांना ४८ आठवडे, दर ८ आठवड्यांनी प्रतिरोपण दिले. ३१ पैकी २७ जणांचा आराम टिकला, तर लटका (प्लासिबो) उपचार मिळालेल्या ३० पैकी २० जणांचा. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला मात्र उतरला नाही. दिल्लीच्या एम्सने (२०२२), पारंपरिक आहारावरची जिवाणूसृष्टी अधिक निरोगी या तर्काने, दाते ग्रामीण भागातले घेतले, जोडीला दाहशामक आहार दिला. गुण आला, पण त्यात विष्ठेचा वाटा किती आणि ताटाचा किती, हे वेगळे काढणे अवघड. यकृतविकार, स्वमग्नता : चाचण्या चालू.

डहाणू-तलासरी : पालघर जिल्ह्यातील (स्थापना २०१४) वारलीबहुल तालुके. भात-नाचणीवर पोसलेली आतडी एम्सच्या तर्काने दात्याची ठरावीत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही भारतीयांत, इतर देशांतील लोकांच्या तुलनेत, प्रेव्होटेला (धान्यप्रधान आहाराशी जोडला जाणारा) व मेगास्फेरा हे जिवाणू अधिक आढळले (२०१६). तथापि इथली निकड बालकुपोषणाची. मालावीतील कुपोषित मुलांची विष्ठा जंतुविरहित उंदरांत घालून तिथलाच आहार दिला, तेव्हा उंदीर रोडावले (२०१३). कुपोषणात जिवाणूंचाही हात असल्याचे त्यातून दिसले. तरी मुलांवरचा उपाय म्हणून पुढे आला तो आहारच : ढाक्यात हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे व कच्ची केळी यांचे मिश्रण नेहमीच्या पूरक आहाराहून सरस ठरले (२०२१). डहाणू-तलासरीतील, कुपोषित मुलांसाठीच्या ग्राम बाल विकास केंद्रांची भिस्तही आहारावरच. डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. मोठ्या उपचारांसाठी रुग्ण वापी, वलसाड, सिल्वासा किंवा मुंबई गाठतात.

धोके : दात्याकडून जंतुसंसर्ग. अमेरिकेत औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायने एक रुग्ण दगावला (२०१९).