बळी ९ पडले, तरी संघ सर्वबाद! डब्ल्यूपीएलच्या पहिल्या सामन्याचं स्कोअरकार्ड कसं वाचायचं?

४ मार्च २०२३. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा, म्हणजे डब्ल्यूपीएलचा पहिलावहिला सामना झाला. नाणेफेक गुजरात जायंट्सनं जिंकली आणि आधी गोलंदाजी घेतली. मुंबई इंडियन्सनं ५ बाद २०७ धावा केल्या. गुजरातचा डाव १५.१ षटकांत ६४ धावांवर संपला. मुंबई १४३ धावांनी विजयी.

आता गुजरातच्या डावातले बळी मोजून बघा. सायका इशाकचे ४, नॅट सिव्हर-ब्रंटचे २, अमेलिया करचे २ आणि इझी वाँगचा १. बेरीज झाली ९. धावबाद कोणीच नाही. मग दहावी विकेट गेली कुठे?

ती पडलीच नाही. गुजरातची कर्णधार बेथ मूनी सलामीला आली होती. पहिल्याच षटकात तिचा पाय दुखावला आणि ती मैदानाबाहेर गेली. कार्डावर तिच्या नावापुढे ‘रिटायर्ड हर्ट’ असं लिहिलं जातं: ० धावा, ३ चेंडू. दुखापतीमुळे बाहेर गेलेली फलंदाज नियमानं बाद धरली जात नाही, बरं वाटल्यास ती पुन्हा खेळायला येऊ शकते. मूनी आली नाही. नववी विकेट पडली तेव्हा डी. हेमलता २९ धावांवर नाबाद होती, पण समोरच्या टोकाला उभं राहायला कोणी उरलं नव्हतं. म्हणून ९ बळी पडूनही संघ सर्वबाद. मूनी नाबाद धरली गेल्यानं या शून्याचा तिच्या सरासरीवर काही परिणाम होत नाही, कारण सरासरी काढताना धावांना भागायचं असतं ते फलंदाज किती वेळा बाद झाली त्या आकड्यानं.

हेमलताच्या २९ धावाही नीट बघण्यासारख्या आहेत. एरवी २३ चेंडूंत २९ म्हणजे बरी खेळी, एवढंच कोणी म्हणेल. पण संघाचा एकूण आकडा ६४ आहे. म्हणजे जवळपास निम्म्या धावा एकटीच्या, त्याही ७ बाद २३ अशी दैना झालेल्या डावात.

दुसऱ्या बाजूला हरमनप्रीत कौरच्या ३० चेंडूंत ६५. स्ट्राइक रेट २१६.६७, म्हणजे १०० चेंडू याच वेगानं खेळली असती तर सुमारे २१७ धावा झाल्या असत्या. त्यात चौकार १४, षटकार एकही नाही. ६५ पैकी ५६ धावा नुसत्या चौकारांच्या! सामनावीराचा मान तिलाच मिळाला. अमेलिया करचा दावाही तसा कच्चा नव्हता, २४ चेंडूंत नाबाद ४५ आणि वर १२ धावांत २ बळी.

सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘३.१’ या आकड्यावर. सायका इशाकनं ३.१ षटकांत ११ धावा देऊन ४ बळी घेतले. हा दशांश चिन्हाचा हिशेब नाही. ३.१ म्हणजे ३ षटकं आणि १ चेंडू, एकूण १९ चेंडू. ११ ला थेट ३.१ नं भागलं तर ३.५५ येतात आणि ते चूक. ११ भागिले १९ गुणिले ६ केल्यावर येणारा ३.४७ हा खरा इकॉनॉमी रेट.

सायकाला मुंबईनं लिलावात १० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं होतं. तेव्हा ती भारताकडून एकही सामना खेळलेली नव्हती. त्याच लिलावात ३ कोटी २० लाखांना गेलेली गुजरातची ॲशली गार्डनर या सामन्यात शून्यावर बाद झाली. एका सामन्यावरून किंमत ठरत नसते हे खरं, पण डिसेंबर २०२३ मध्ये सायका भारतीय संघातून खेळली.

हा हिशेब अशा तपशिलात मांडता येतो, कारण क्रिकेटमध्ये चेंडूगणिक नोंद ठेवतात. सगळ्या खेळांचं असं नाही. आज एनबीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बास्केटबॉल लीगचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोत झाला. न्यूयॉर्क निकरबॉकर्सनं टोरांटो हस्कीजला ६८-६६ असं हरवलं. सर्वाधिक १८ गुण मात्र हरलेल्या संघाच्या एड सॅडोव्स्कीचे होते. त्यानं रिबाउंड किती घेतले, हे त्या दिवशीच्या कार्डावर दिसत नाही. ती नोंद लीगनं १९५०-५१ पासून ठेवायला घेतली आणि स्टील-ब्लॉकची तर १९७३-७४ पासून.

परत नवी मुंबईत येऊ. १४३ धावांच्या विजयाचा मुंबईला फायदा काय झाला? नेट रन रेट थेट +७.१५. गुजरातचा संघ १५.१ षटकांतच गारद झाला असला, तरी सर्वबाद संघाची पूर्ण २० षटकं धरतात. म्हणून २०७ भागिले २० म्हणजे १०.३५, त्यातून ६४ भागिले २० म्हणजे ३.२० वजा.

एवढी मोठी शिदोरी बांधूनही ती पुरली नाही. २० मार्चला याच मैदानावर दिल्ली कॅपिटल्सनं मुंबईला १०९ वर रोखलं आणि ते लक्ष्य फक्त ९ षटकांत गाठलं. साखळीअखेर दोन्ही संघांचे गुण १२-१२. नेट रन रेट दिल्लीचा १.८५६, मुंबईचा १.७११. दिल्ली थेट अंतिम फेरीत आणि मुंबईला यूपी वॉरियर्झविरुद्ध एलिमिनेटर खेळावा लागला. मुंबईनं तोही जिंकला आणि २६ मार्चला ब्रेबॉर्न स्टेडियमवर दिल्लीला हरवून पहिला करंडक उचलला.

मूनीला मात्र त्या ३ चेंडूंनंतर त्या मोसमात एकही चेंडू खेळता आला नाही. पोटरीच्या दुखापतीनं ती स्पर्धेबाहेर गेली. कर्णधारपद स्नेह राणाकडे आलं आणि मूनीच्या जागी दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्व्हार्ट संघात आली. २०२४ च्या मोसमात मूनी परतली, ती गुजरातची कर्णधार म्हणूनच.